पुंडलिकरावांचा चाकू

सुदर्शन एकदा बसला की हलत नाही. मुकुंदवाडीच्या घरात चहा निवून त्याचं पाणी होतं, तरी हा भिंग लावून जुने घडीचे चाकू न्याहाळतोय. पातं मुठीत शिरतं तिथं कारखान्याची छाप असते. खोल, रेखीव असली तर माल अस्सल. उथळ, वाकडी असली तर नक्कल. दर रविवारी जाफर गेटच्या बाजारात भंगार उपसून घरी हात काळे करून यायचं, हा याचा देवधर्म. बायको रूपाली म्हणते, एवढं लक्ष संसारात घातलं असतं तर घरावर सोन्याची कौलं चढली असती.

परवा रूपालीच्या मावशीनं, आवडाबाईनं, त्याला दौलताबादला बोलावून घेतलं. तिचे यजमान पुंडलिकराव विश्रामगृहावर चौकीदार होते. एका गोऱ्या पाहुण्याचा विलायती चाकू हरवला आणि तसलाच यांच्या खिशात दिसला. चोरी शाबीत झाली नाही म्हणून चाकू त्यांच्याकडंच राहिला, पण नोकरी गेली. बाजारात घेतलेली नक्कल आहे, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. आता नातीच्या सोयरिकीत भावकीनं तेच पुन्हा उकरलं होतं. नक्कलच आहे, एवढं सुदर्शननं चारचौघांत सांगावं, असं मावशीला वाटत होतं.

दर खंडेनवमीला मावशीनं तो चाकू चिंच-राखेनं घासून पुजलेला. मोठ्या पात्याची छाप पार झिजलेली. धाकटं पातं मात्र गंजून आतच अडकलं होतं. सुदर्शनचे हात शिवशिवायला लागले. रॉकेल सोडून त्यानं ते उघडलं. मुकुट, खाली बाण, अक्षरं कोरीव.

"मावशी, अस्सल विलायती हाय," तो हरखून बोलून गेला. "असा लाखात एक घावतो."

मावशीचा चेहरा उतरला. "म्हंजी चोरीच की," ती म्हणाली. चाकू त्याच्या हातात कोंबून म्हणाली, "घेऊन जा. माझ्या नजरंसमोर नको."

जन्मात पाहिला नव्हता असा चाकू फुकट मिळाला, तरी खिशात तो नुसता टोचत होता. सुदर्शन स्वतःच्या जिभेला शिव्या घालत निघाला. वाटेत पडेगावला त्यानं करकचून ब्रेक दाबला. आपल्याकडचे अस्सल चाकू आले कुठून? जाफर गेटच्या ढिगातूनच ना? भंगारवाल्याला छाप कुठं कळते, तो सगळं नक्कल म्हणूनच विकतो. मग पुंडलिकरावांनाही तसाच मिळाला असेल. त्यानं गाडी वळवली.

धापा टाकतच त्यानं हे सगळं मावशीला सांगितलं.

"मग त्यांनी चोरला नाय?"

"छाप ते नाय सांगत, मावशी. कुणी घडवला तेवढंच सांगती. पण बाजारात घेतला असंल, तर त्यात नवल नाय. मी सोता घेतलेत."

मावशीनं खाटेकडं पाहिलं.

"मघाशीच का नाय बोललास, बाबा? तू गेलास न् मी त्यांचा फोटू उतरवला."

पुंडलिकराव खाटेवर पालथे पडले होते. सुदर्शननं स्टूल भिंतीकडं ओढलं.