ताऱ्यामागे फिरणारं स्टँड

दुकानदाराने पडद्यावर जुनं रेकॉर्डिंग लावलं. आधी नुसता काळोख होता. मग कॅमेऱ्याने टिपलेलं एकेक चित्र आधीच्या चित्रात मिसळत गेलं आणि मृगातला तेजोमेघ हळूहळू उजळला. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोच्या डोळ्यांत नेमकं उलट चाललंय. तिथला उजेड रोज थोडा कमी होतो. दुर्बिणीला डोळा लावून तिला आता काहीच दिसत नाही. मोठ्या पडद्यावर अजून दिसतं. किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

मी सगळ्यात मोठी दुर्बीण मागत होतो, तीही आजच्या आज.

"काका, दुर्बीण लहान चालेल, स्टँड चांगलं घ्या," दुकानदार म्हणाला. "पृथ्वी फिरते. हे ताऱ्यामागे फिरलं नाही, तर चित्र साठणारच नाही."

त्याने मोटर सुरू केली. मी टक लावून बघत राहिलो, पण स्टँड मला ढिम्म उभं दिसलं. तिचा अंधारही असाच आला. सरकताना तो मला एकदाही दिसला नाही.

तिने स्टँडवर बोटं ठेवली.

"फिरतंय, अहो. बारीक थरथर लागतेय हाताला."

मीही स्टँडला हात लावला.

"हेच घेऊया," ती म्हणाली. "हे मला नंतरही कळेल."