आंब्याचं रोप आणि खचलेला कोपरा

पत्नी गेली तेव्हा आम्ही तिची राख नदीत सोडली नाही. तसं तिनंच सांगून ठेवलं होतं. आमच्या काष्टी गावाकडे हल्ली बरेच जण करतात त्याप्रमाणे सावडल्यावर घराच्या कोपऱ्याशी खड्डा घेतला, राख त्यात ठेवली आणि वर केशर आंब्याचं रोप लावलं. त्याला पाणी घालायचं काम मी स्वतःकडे घेतलं. निवृत्त मास्तरला दुसरं काय असतं? एक बादली घालायची, पायरीवर बसून चार पानं वाचायची, मजकूर आवडला तर आणखी एक बादली. त्या वर्षी माझं वाचन फार चांगलं झालं.

दीडेक वर्षानं कोपऱ्यातल्या खोलीची खिडकी लागेना. मग खिडकीच्या टोकापासून एक भेग तिरकी वर निघाली. मी तिच्यात पोस्टकार्ड घालून पाहिलं, गेलं. महिन्याभरानं वहीचा पुठ्ठाही गेला, तेव्हा पुण्याला लेकीला फोन केला. ती सिव्हिल इंजिनिअर आहे.

ती शनिवारी आली. आमचं घर ज्यांनी बांधलं ते गवंडीमामाही आले. दोघांनी कोपऱ्याला फेरी मारली, रोपाकडे बघितलं आणि आत येऊन चहाला बसले.

"काळी माती हाय," मामा म्हणाले. "मुरूम लागंपर्यंत चार खड्डे घेऊ, काँक्रीटचे खांब भरू आन् त्यावर घराचा पाया टेकवू. म्हातारीला काठी दिल्यावानी."

"आणि खणेपर्यंत भिंत तुमच्या डोक्यावर," लेक म्हणाली.

"एकाच टायमाला थोडीच खणतोय? एक भरला की दुसरा. तुझ्या जल्माआधीपासनं खणतोय, ताई."

लेकीनं वही काढली. तिच्याकडे लोखंडी पाईपचे दोन प्रकार होते. पहिला पाईप घराच्याच वजनाचा टेकू घेऊन जॅकनं जमिनीत दाबायचा. पण हा तिनं स्वतःच खोडला. "आपलं घर एकमजली, हलकं. पाईप खाली जायच्या ऐवजी घरच वर उचललं जायचं."

"बरं हाय की! मास्तरांना फुकटात वरचा मजला."

दुसऱ्या पाईपला पाती असतात. तो स्क्रूसारखा फिरवत खाली न्यायचा. जागा थोडी लागते, मोठं खणावं लागत नाही.

"हाच करू," मी म्हणालो.

मी इतक्या चटकन कधी काही ठरवत नाही. चष्मा घ्यायचा तरी मला तीन फेऱ्या लागतात. दोघं एकमेकांकडे बघू लागले. मामांचा पहिला खड्डा नेमका कुठे येणार होता, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"बाबा," लेक वहीत बघतच म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं घर असतं ना, तर मी मामांचे खड्डेच सांगितले असते. मुरूम फार खोल नाही. हे पाईप मी... सकाळपासून काहीतरी शोधत होते." जरा थांबून ती म्हणाली, "आणि काहीही बसवलं तरी भिंतीला लागून रोज असं पाणी..."

मामांनी तंबाखू मळायला घेतली आणि ती बराच वेळ मळली.

घर माझ्या बादल्यांनी खचवलं होतं. ते त्यांना मला फाटकातूनच सांगता आलं असतं, पण या दोघांनी त्यासाठी अख्खी सकाळ आणि वहीची चार पानं घालवली.

"मामा, रोप हलवलं तर जगेल?"

"गोळ्यासकट काढलं तर का न्हाई जगनार? अजून कंबरंएवढंच हाय."

उन्हं कलल्यावर मामांनी रोप मातीच्या गोळ्यासकट उचललं. परसाच्या पार टोकाला लेकीनं खड्डा करून ठेवला होता. मी घमेलं घेऊन जुन्या खड्ड्यात मागे राहिलेली माती तिकडे नेऊ लागलो. दुसरं घमेलं, तिसरं, पाचवं. राख कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, हे मातीकडे बघून कळत नव्हतं.

"मास्तर, समदं परसच तिकडं न्यायचंय का?" मामा कमरेवर हात ठेवून म्हणाले. "वहिनी असत्या तर म्हनल्या असत्या, बास करा आता, चहा निवला."

खरंच, ती हेच म्हणाली असती. लेक हसली आणि मग तिनं नाक पुसलं. मी घमेलं खाली ठेवलं.

उरलेला खड्डा मामांनी टेपनं मोजला. जागा बरोबर होती, अडीच फूट आयतेच खणून मिळाले होते. सोमवारी तिथूनच ते खाली मुरमापर्यंत गेले आणि कोपऱ्याचा पहिला खांब त्याच खड्ड्यात भरला. भरण्याआधी त्यांनी मला हाक मारून आत बघायला लावलं आणि भरू का विचारलं. तळाशी पिवळसर, टणक मुरूम होता. मी हो म्हणालो, आणि त्यांनी काँक्रीटची पहिली पाटी ओतली.