पान तीन, ओळ चौदा

सौसरच्या तहसील कचेरीसमोर बसून वामनराव बागडे अर्ज लिहितात, त्याला यंदा एकेचाळीस वर्षं झाली. कागदातली चूक दुरुस्त करून मागायची त्यांची पद्धत ठरलेली. पट्टी ठेवायची, ओळी मोजायच्या आणि लिहायचं : पान अमुक, ओळ तमुक, वगळण्यात यावी. ओळीतला मजकूर ते कधीच उतरवत नसत. "शब्द लिहिले का वाद निघते," ते म्हणत, "आकड्याशी कोन भांडन?" या पद्धतीचा त्यांना भारी तोरा. टाइपरायटरच्या काळात तो शोभायचाही. तेव्हा कार्बन घालून मूळ प्रत आणि नक्कल एकदमच निघायची. ओळ हलणार कुठे?

शांताबाईंचं प्रकरण दोन एकर शेताचं. नवरा गेल्यापासून त्याच ते वाहतात, आणि पुतण्या विनोद म्हणतो, ते माझं. शांताबाईंच्या बयानात त्यांनी न म्हटलेलं एक वाक्य घुसलं होतं : शेत पुतण्याला राजीखुशीने दिलं. बयानाची फाइल त्यांच्या मुलीच्या, पल्लवीच्या मोबाइलवर आली. तिने पांढुर्ण्याच्या एका दुकानात प्रिंट काढून आणली. वामनरावांनी पट्टी लावली, शांताबाईंची सही घेतली आणि अर्ज दिला : पान तीन, ओळ चौदा.

दुकानातल्या प्रिंटमध्ये अक्षरं जरा मोठी आली होती, ओळी खाली सरकल्या होत्या. कचेरीतल्या प्रतीत चौदावी ओळ भलतीच होती : बारा वर्षांपासून शेत मीच वाहते. बाबूने अर्जाबरहुकूम तीच वगळली. राजीखुशी जागच्या जागी राहिली.

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या दिवशी हे उघडकीला आलं, तसे वामनराव बाबूवर उखडले. त्याने दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. वामनरावांनी दोन्हींवर पट्टी फिरवली. चौदावी ओळ दोन्हींत वेगळी निघाली. साहेबांनी दुपारपर्यंत नवा अर्ज आणायला सांगितलं.

बाहेर येऊन त्यांनी कागद पुढे ओढला. "घाबरू नका, शांताबाई. आता दोन्ही प्रतीचे आकडे टाकतो."

"थांबा जी, भाऊ. जुना अर्ज वाचून दाखवा बरं."

त्यांनी वाचला. दोन ओळींचा तर होता.

"यात माह्यं बोलणं कुठी हाय?"

वामनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाचं शेत जायला बसलं होतं आणि हे आपले पट्टी घेऊन मोजत बसले होते. त्यांनी पट्टी पिशवीत टाकली. "सांगा," ते म्हणाले. "मी लिहून राहिलो."

शांताबाईंनी बियाणं कधी टाकलं, विहीर कधी उपसली, विनोद कोणत्या साली शेवटचा बांधावर आला, शेत त्याला कधी दिलंच नाही, सगळं सांगितलं. पान भरलं.

दुपारी साहेबांनी ते पुरतं वाचलं, वगळलेली ओळ परत घालायला लावली आणि राजीखुशीवर काट मारली. मग वामनरावांना विचारलं, हे पहिल्या अर्जात का नव्हतं?

उत्तर शांताबाईंनीच दिलं.

"पयले कोनी इचारलंच नाही, साहेब."