मोहाखालची कबुली

त्या माणसाचे ‘हो’ मी आजही विसरलेलो नाही. तेव्हा मी नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मोहफुलांचा हंगाम होता. सकाळीच पोलीस पाटलाचा फोन आला. मोहाच्या झाडाखाली डोके फुटलेले प्रेत पडले आहे, आणि मृताचा शेजारी रक्ताने माखलेल्या कपड्यांनी जंगलाकडे पळताना लोकांनी पाहिला आहे. त्या झाडाची फुले कोणी वेचायची यावरून दोघांचे आधी भांडण झाले होते, त्यामुळे गाव पेटले होते.

दुपारी तो नाल्यात लपलेला सापडला. पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवले, त्याला अटक करून घरी कळवले. बायको धावत आली ती ठाण्याच्या पायरीवरच बसून राहिली. फाटकाबाहेर मृताचे भाऊबंद काठ्या घेऊन ओरडत होते, “बाहेर काढा त्याले!” ठाण्यात आम्ही मूठभर माणसे. खरे सांगतो, मीही घाबरलो होतो.

चौकशीला बसवला तर गडी पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, “हो जी, मीच मारलो.”

जमादाराचा चेहरा खुलला. मला मात्र ते पटेना. इतक्या सहज कोणी खून कबूल करतो होय?

“कशाने मारलं?”

“कुऱ्हाडीनं.”

“किती घाव घातले?”

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. “तुमी मनान तितके.”

मी पेन खाली ठेवले. “अरे बाबा, तू हो काऊन म्हणून राहिला?”

“जंगलच्या केसमंदी हो मनलं का दंड भरून घरी जाते जी. नाही मनलं तर तारखा पडतेत, चकरा माराव्या लागतेत. दंड किती लागन?”

आता कुठे माझ्या लक्षात आले. जंगलातून लाकूडफाटा आणताना धरले गेले की कबूल करायचे, दंड भरायचा आणि सुटायचे, एवढाच कायदा या पट्ट्यातल्या माणसाला ठाऊक होता. हा बापडा खुनालाही तोच लावून बसला होता. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा होत नाही. पण हेच ‘हो’ तो दंडाधिकाऱ्यांसमोर म्हणाला असता तर? आणि तो म्हणणारच होता! वरिष्ठ फोनवर बजावत होते, “कबूल करतोय ना? मग दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब नोंदवून घ्या, मोकळे व्हा.”

आरोपीला वकील भेटलाच पाहिजे, असे सांगून मी गोंदियाहून विधी सेवेच्या वकीलबाई बोलावल्या. असले हक्क म्हणजे गुन्हेगारांचे चोचले, असे आमच्यातलेच कितीजण म्हणत. बाईंनी त्याला समोर बसवून सांगितले, “बाबा, यात दंड भरून सुटका नाही. जन्मठेप होते, फाशीही होते.”

टेबलाची कड घट्ट धरून तो किंचाळला, “नाही जी! मी नाही मारलो!”

मग तो भडाभडा बोलला. मोहफुले वेचायला गेला तेव्हा त्याला आपला शेजारी निपचित पडलेला दिसला. उठवायला त्याने त्याला मांडीवर घेतले, त्यात कपडे भिजले. तेवढ्यात लोक आले, भांडण आठवले आणि तो पळाला.

शवविच्छेदनाच्या अहवालाने उलगडा केला. जखमा कुऱ्हाडीच्या नव्हत्या, नखांच्या होत्या. मोहफुलांवर आलेल्या अस्वलाने त्याला फाडले होते. पाऊलखुणा गर्दीने तुडवल्या होत्या, पण पुन्हा शोधल्यावर खोडाच्या सालीत अस्वलाचे केस अडकलेले मिळाले. न्यायालयाला तसा अहवाल दिला आणि त्याची सुटका झाली.

त्याला एकटे गावात पाठवायची हिंमत होईना. नवरा-बायकोला जीपमध्ये घालून मीच गेलो. मृताचा भाऊ काठी घेऊन आडवा आला. “मारला नाही तं हो काऊन मनला यानं?”

मी कारण सांगितले. त्याने काठी खाली टेकवली. मग तोच भाऊ खाली मान घालून म्हणाला, “आमी बी ‘हो’च मनलो असतो जी.”

भोवतीच्या माना हलल्या. त्या माना पाहून मला जी भीती वाटली, ती काठ्या पाहूनही वाटली नव्हती. निवृत्त होईपर्यंत, पहिला प्रश्न विचारण्याआधी मी प्रत्येक आरोपीला सांगत राहिलो की तुला नाही म्हणता येते, गप्प बसता येते, वकील मागता येतो. सगळ्यांनी ऐकून घेतले. विश्वास मात्र फार थोड्यांनी ठेवला.