शेपटाने धावायचं ठरवलं

घरोघर विजेचे मीटर वाचत फिरणाऱ्या त्या माणसाला डोंगरातल्या शर्यतीत सगळे ‘शेपूट’ म्हणत. शर्यत चार दिवसांची, जंगलातून, खिंडींतून. शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे चालायचं, वाटेवर खुणेला बांधलेल्या फिती सोडत यायचं, मागे कोणी राहू द्यायचं नाही, हे त्याचं काम. नऊ वर्षं केलं. दरवर्षी तो म्हणायचा, “यंदा मला धावू द्या.” आणि दरवर्षी आयोजक बाई म्हणायच्या, “अहो, धावणारे छप्पन्न मिळतात. तुमच्यासारखा भरवशाचा माणूस कुठून आणू?” कौतुकाने त्याचं तोंड तिथे बंद व्हायचं आणि घरी बायकोपुढे उघडायचं.

“मला काय सांगताय? त्यांना सांगा की,” ती म्हणायची.

यंदा त्याने सांगितलं. वर्षभर कामावरून आला की पाण्याच्या टाकीची टेकडी धावत चढला, बुटांचे दोन जोड झिजवले आणि छातीवर नंबर लावून उभा राहिला. पाय असे पडत होते की विचारू नका. दुसऱ्या मुक्कामाला एकतिसावा आला. बायकोला फोन करून दोनदा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो नाड्या बांधत होता, तेवढ्यात आयोजक बाई तंबूत आल्या. चेहरा बघूनच त्याने नाडीची गाठ आणखी घट्ट ओढली.

“यंदा तुमच्या जागी मागे चालणाऱ्या मास्तरांचा गुडघा सुजलाय. पाऊल टेकवत नाही.”

“मग दुसरं कोणीतरी बघा.”

“वाट कोणाला ठाऊक आहे? शेवटी एक दाताच्या डॉक्टर आहेत, एकट्या पडतील हो.”

तो ‘नाही’ म्हणेपर्यंत फितींची पिशवी त्याच्या हातात होती.

डॉक्टरीणबाई हौशी निघाल्या. दर ओढ्यापाशी थांबायच्या, दर फुलाचा फोटो काढायच्या. वर म्हणाल्या, “तुम्हालाही पळणं जमत नाही वाटतं?”

“मी एकतिसावा होतो!”

“अगंबाई! मग एवढे मागे कसे पडलात?”

त्याने कपाळावर हात मारला आणि पुढची फीत गाठीसकट ओरबाडली. दोन दिवस हेच.

शेवटच्या गावात ती दोघं पोचली तेव्हा शर्यतीची कमान उतरवत होते. डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात पदक पडलं. वेळ नोंदवणाऱ्याने यादीवर बोट ठेवलं. “तुमच्यापुढे ‘माघार’ पडलंय. आता बदलता येत नाही.”

“पुढच्या वर्षी बघू ना,” आयोजक बाई म्हणाल्या. “तेवढं मागचं काम...”

“पुढच्या वर्षी मी येणार नाही.”

“रागावलात?”

“हो,” तो म्हणाला. दहा वर्षांत पहिल्यांदा. पण बोलूनही मोकळं काही वाटलं नाही.

घरी बायकोने न विचारता बादलीत कढत पाणी आणून ठेवलं. “पाय बुडवा. ठणकत असतील.”

त्याने पाय हलवून पाहिले. चार दिवस डोंगर तुडवूनही ते जराही दुखत नव्हते. त्याचाच त्याला सगळ्यांत जास्त संताप आला.