हवा तोलणारी बहीण

माझ्या धाकट्या बहिणीला धरणावर सगळे ‘तागडी’ म्हणतात. अर्थात माघारी, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. कंप्रेसरच्या खोलीत पाणबुड्यांचे सिलिंडर हवेने भरायचे, हे तिचं काम. पण भरलेला सिलिंडर तराजूवर चढल्याशिवाय तिच्या हातून सुटत नाही. हवेचं वजन करणारी बाई म्हणून लोक हसायचे. मीही हसलोय.

“अगं, हवेला कसलं आलंय वजन?” असं एकदा म्हणालो.

“दादा, तुझ्या डोक्यात भरलीय तिला नसेल,” म्हणाली, “या सिलिंडरातलीला आहे.”

ही खोड तिला आधीच्या नोकरीत लागली. तिथे ती आग विझवायचे सिलिंडर भरायची. तो वायू मोठा मजेशीर. दाबला की त्याचं पाणी होऊन तळाशी बसतो. त्यामुळे सिलिंडर निम्मा संपला तरी दाबाची सुई जागची हलत नाही. तळातलं पातळ संपलं की मग एकदम कोसळते. म्हणून तिथे सुईकडे कुणी बघतच नसे, सगळा कारभार वजनावर.

तर गोष्ट त्या नव्या सिलिंडरांची. मी तेव्हा तिच्याकडे मुक्कामाला होतो आणि डबा पोचवायच्या निमित्ताने त्या खोलीतच ठाण मांडून बसायचो. धरणाच्या पोटातल्या बोगद्यात लोखंडी जाळीचे बोल्ट बदलायचे होते. उतरणार होते आमचे मेहुणे, म्हणजे तिचाच नवरा. बोगद्यात डोक्यावर दगडी छत. दम संपला म्हणून वर यायची सोय नाही. गेलात त्याच वाटेने परत यायचं, आणि त्या वाटेला पाच मिनिटं लागायची.

जुने सिलिंडर दोनशे दाबाचे होते, चाळीस मिनिटं पुरायचे. नवे आकाराने तेवढेच, पण तीनशेचे आले. नव्या साहेबांनी, फार गुणी माणूस, फळ्यावर लिहिलं: तीनशे दाब, साठ मिनिटं. दीडपट दाब, दीडपट हवा. मी मान डोलावली. त्रैराशिक आम्हाला गुरुजींनी छडीने शिकवलेलं, चुकेल कसं? पन्नासाव्या मिनिटाला मागे फिरायचं असं ठरलं. मेहुणे खूश. बर्फासारख्या पाण्यात एकदाच उतरायचं, काम फत्ते.

बहिणीने सिलिंडर भरला, हौदात गार केला, पुसला, तराजूवर ठेवला. दोनशेपर्यंत दोन किलो आठशे ग्रॅम हवा गेली होती. म्हणजे पुढच्या शंभरात एक किलो चारशे जायला हवी. गेली एक किलो शंभर. तिने वजनं ठेवून तराजू तपासला. दुसरा सिलिंडर भरला. तेच!

“गळत असेल कुठे,” मेहुणे म्हणाले.

तिने साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ.

“अगं, तीनशे ग्रॅम हवेसाठी संसार मोडतेस का?”

“टिकावा म्हणूनच मोजतेय,” ती म्हणाली आणि सिलिंडरला साखळी घालून कुलूप लावलं. “फळा पुसल्याशिवाय हा हलणार नाही.”

साहेब आले. “गरम असताना मोजला असेल, मावशी. गार झाला की दाब उतरतो.”

“गार करून, पुन्हा तीनशेवर आणून मोजलाय, साहेब.”

दुसरा कुणी असता तर डाफरला असता. हा माणूस खाली बसला, कॉलेजातलं पुस्तक मागवलं, चार पानं उलटली आणि कपाळावर हात मारून हसायला लागला. म्हणाला, “मी आदर्श वायूचं गणित केलं!”

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. पुस्तकातला आदर्श वायू म्हणजे अगदी साधुपुरुष. त्याच्या कणांना जागा लागत नाही आणि कुणाची माया नाही. खऱ्या वायूच्या कणांना अंग असतं आणि एकमेकांची ओढही असते. त्या आग विझवायच्या वायूत ओढ फार. दाबून जवळ आणले की माहेरी जमलेल्या बहिणींसारखे बिलगून बसतात, म्हणून त्याचं पाणी होतं. आपल्या हवेत ओढ कमी, पण फार दाबली की अंग आडवं येतं. ट्रंक भरताना पहिल्या साड्या अलगद बसतात, शेवटच्या दोनसाठी झाकणावर गुडघा रोवावा लागतो. गुडघ्याला किती जोर लागला त्यावरून साड्या मोजायच्या नसतात! सुई सांगते तो गुडघ्याचा जोर.

साहेबांनी नवा हिशेब केला. छप्पन मिनिटं. फळ्यावर पंचावन्न लिहिलं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला फिरायचं.

“पाच मिनिटांसाठी दोनदा बुडू? या थंडीत?” मेहुणे तडकले.

“पंचेचाळीसला तुमच्या कमरेची दोरी ओढीन. नाही आलात तर मी आत येईन.”

“तुला पोहता येत नाही.”

“म्हणूनच या.”

तिने बरोबर पंचेचाळीसला दोरी ओढली. पन्नासला डोकं दिसायला हवं होतं. एकावन्न झाली, बावन्न झाली. बहीण पाण्याकडे बघत उभी, दोरी मुठीत. त्रेपन्नाला पाणी हललं.

वर आले ते तणतणतच. “एक बोल्ट राहिला! एकच! आणि येताना ती दोरी जाळीत अडकली, तीन मिनिटं तिच्यात गेली.”

तिने सिलिंडर काढला, कोरडा पुसला, तराजूवर ठेवला. रिकाम्या वजनावर दोनशे ग्रॅम. “तीन मिनिटांची हवा,” एवढंच म्हणाली.

मेहुण्यांनी ओल्या बोटांवर मोजलं. पन्नासला फिरलो असतो. पाच वाटेची, तीन दोरीची. अठ्ठावन्न.

“हवा छप्पनलाच संपली असती,” साहेब हळूच म्हणाले.

मेहुणे तिथेच बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या बोल्टासाठी उतरायचं होतं. सकाळी खोलीत गेलो तर मेहुणे स्वतःच सिलिंडर उचलून तराजूवर ठेवत होते. वाकून, डोळे बारीक करून त्यांनी वजन मोठ्याने वाचलं.

“परत वाचा,” बहीण म्हणाली.

त्यांनी परत वाचलं.