मिक्सर ओढणारी पिकअप आणि मागे बसलेल्या सहा बाया

मंडळी, सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय थांबणार नाही.

माझं स्लॅब टाकायचं काम. काँक्रीटचं मिक्सर मशीन माझ्या सोळा वर्षं जुन्या पिकअपला मागे जोडून नेतो. आज सकाळी चांदवडच्या पुढे घाट चढताना गाडी बंद पडली आणि मिक्सर तिला मागे ओढायला लागला. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो, तरी गाडी सरकतच होती. आणि पिकअपच्या हौद्यात माझ्याच कामावरच्या सहा बाया.

"मावशी, उड्या टाका!" मी ओरडलो.

त्यांनी उड्या टाकल्या, पण पळाल्या नाहीत. लक्ष्मीमावशींनी कडेचा धोंडा उचलून सरकत्या चाकामागे टाकला. बाकीच्यांनी फावडी, पहार, हाताला लागेल ते लावलं. गाडी थांबली.

मी रडतच विचारलं, "बाजूला का नाही झाल्या?"

"झालो असतो रे. पण तू आत व्हता ना," लक्ष्मीमावशी म्हणाल्या.

आता खरं सांगतो. रिकाम्या पिकअपची मागची चाकं चढावर घसरतात, म्हणून आम्ही मिक्सरवाले बायांना मागे बसवतो. वजनासाठी. सकाळी मीच हसत म्हणालो होतो, "सगळ्या मागं सरका, वजन पडू द्या."

उद्या सातला सटाण्याकडे स्लॅब आहे. गाडी हीच, चढ तसाच. आत्ता मावशींचा फोन आला, "उद्या कुठं बसायचं?"

"थोड्या वेळात सांगतो" म्हणून मी फोन ठेवला. तुम्ही काय सांगितलं असतं?